बिट अडकू देऊ नका : पेट्रोलवरचं खड्डे मशीन घेताना आणि चालवताना

कुंपणाचे अँगल असोत, कारल्याच्या मांडवाचे खांब असोत की केळी-नारळाचे खड्डे, शिरोळ तालुक्यात आता पहारीच्या आधी पेट्रोलवरच्या खड्डे मशीनची आठवण होते. त्याबद्दल वाचक विचारतात ते प्रश्नही ठरलेले आहेत. किती सीसीचं मशीन घ्यावं? बारा इंची बिट चालेल का? काळ्या रानात ते रुतून का बसतं? एकट्यानं चालवावं की दोघांनी धरावं? दुकानात ‘काही होत नाही, लहान पोरगंही चालवतं’ असं ऐकायला मिळतं आणि गावात मनगट नाहीतर खांदा धरून बसलेला माणूसही भेटतो. मग यातलं खरं काय?

हे प्रश्न वेगवेगळे वाटले तरी त्यांचं मूळ एकाच जागी आहे. या मशीनचं इंजिन मिनिटाला हजारो फेरे फिरतं. खालचा गिअरबॉक्स ते फेरे शे-दोनशेवर आणतो आणि त्याच्या बदल्यात पीळ कैक पटींनी वाढवतो. बिट फिरत असेपर्यंत तो पीळ माती कापण्यात खर्च होतो. दगड, मूळ किंवा चिकट माती लागून बिट थांबलं आणि इंजिन मात्र जोरात चालूच राहिलं, की तोच पीळ उलटून हँडलवर येतो आणि हँडल धरणाऱ्याला फिरवू पाहतो. मनगट मुरगळतं ते इथे, बरगडीला मार बसतो तोही इथेच. क्लच जळण्याचा, पिन तुटण्याचा आणि अर्धा तास वाया जाण्याचा क्षणही हाच. म्हणून सुरक्षितता एका बाजूला आणि कामाचा उरक दुसऱ्या बाजूला, अशी निवड तुमच्यापुढे नाहीच. बिट अडकू न देणं या एकाच गोष्टीत दोन्ही येतात, आणि पुढच्या सगळ्या सूचना त्यासाठीच आहेत.

यावर लगेच एक शंका येते: मशीनला क्लच असतो, जास्त भार आला की तो सुटेलच. तो सुटतो, पण रेस कमी झाल्यावर. हा क्लच इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. बोट रेसच्या खटक्यावर घट्ट दाबलेलं असेल तर क्लच सुटण्याआधीच हिसका हातापर्यंत पोचलेला असतो. घाबरलेला माणूस मूठ आणखी आवळतो, सोडत नाही, आणि मग रेस वाढतेच.

आधी ओल बघा, मग मशीन बाहेर काढा

कृष्णा आणि पंचगंगेच्या काठची जमीन खोल आणि काळी आहे. कुरुंदवाड, नृसिंहवाडी, औरवाड, बुबनाळपासून खिद्रापूरपर्यंत बहुतेक रानांत फूट-दोन फुटांत दगड लागत नाही, म्हणून हे मशीन इथे लोण्यासारखं चालेल असं वाटतं. अडचण दगडाची नसून चिकणमातीची आहे. ओली काळी माती बिटाच्या पात्याला चिकटते, वर फेकली जात नाही आणि बिट स्क्रूसारखं आत ओढलं जातं. वाळलेली काळी माती आक्रसून इतकी कडक होते, की बिट नुसतं वर घासत राहतं आणि चालवणारा जोर लावायला वाकतो. दोन्हींच्या मधे वाफसा आहे. पेरणीला आपण वाफसा बघतो, खड्ड्याला मात्र बघत नाही, आणि बहुतेक फजित्या त्यातूनच होतात.

पारख साधी आहे. वरची ओल फसवी असते, म्हणून पहारीनं फूटभर खालची मूठभर माती काढा आणि मुठीत दाबा. गोळा होऊन बोटांना चिकटली तर दोन-चार दिवस थांबा. गोळा झाला आणि अंगठ्यानं दाबताच फुटला तर मशीन चालवा. ढेकूळ दाबलंच जात नसेल तर आखलेल्या प्रत्येक जागी घमेलंभर खळगा करून त्यात बादलीभर पाणी ओता आणि ते पूर्ण मुरू द्या. काळ्या जमिनीत यासाठी एक रात्र पुरतेच असं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मूठ दाबून बघा.

निमशिरगाव, तमदलगे, कोंडिग्रे या डोंगरकडेच्या भागात गोष्ट वेगळी आहे. तिथे वरच्या थराखाली मुरूम आणि दगड लागतो. मुरमात ओलीपेक्षा बिटाची धार आणि मधलं टोक महत्त्वाचं. झिजलेल्या टोकानं बिट एका जागी नाचतं आणि खड्डा तिरका जातो. सलग दगड लागला तर हातातल्या मशीननं तो फुटणार नाही. जागा हातभर सरकवा किंवा तिथे पहार वापरा. सगळे खड्डे मशीननंच झाले पाहिजेत असा हट्ट धरू नका.

ओल्या काळ्या मातीत आणखी एक गोष्ट घडते आणि ती लागवड करणाऱ्यांना महागात पडते. फिरणाऱ्या पात्यानं खड्ड्याची भिंत घोटली जाते आणि गिलाव्यासारखी गुळगुळीत होते. पाणी बाहेर झिरपत नाही, मुळांनाही आडवं जायला वाट मिळत नाही. खांबासाठी याचं काही बिघडत नाही, रोपासाठी बिघडतं. खड्डा झाल्यावर खुरप्यानं किंवा पहारीच्या टोकानं भिंतीवर उभ्या रेघा ओढून ती खरबरीत करा. खड्ड्यामागे अर्धं मिनिट जातं, पण हे काम टाळू नका.

खाली काय पुरलंय ते ठरवा

पहारीला लागलेला पाइप माणसाला हातात कळतो; मशीनला कळत नाही, ते तो कापून पुढे जातं. शिरोळच्या रानात जमिनीखाली बरंच काही पुरलेलं आहे. क्षारपड जमिनी सुधारण्यासाठी श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकारानं तालुक्यात अनेक ठिकाणी सच्छिद्र निचरा पाइप टाकले गेले आहेत. ते साधारणपणे तीन ते पाच फुटांवर असतात. हातातल्या मशीनचं बिट अडीच फुटांच्या आसपास जातं, त्यामुळे एरवी तिथपर्यंत पोचत नाही. पण जोडदांडा लावला किंवा ट्रॅक्टरचं मशीन आणलं की पोचतं. एक पाइप मधेच फुटला तर वरच्या अंगाचा निचरा तुंबतो आणि त्याचा परिणाम पुढच्या हंगामापर्यंत कळतही नाही. आखणी करण्याआधी हे तपासा:

- उपसा सिंचन योजनेची मुख्य पाइपलाइन तुमच्या रानातून जाते का? संस्थेच्या सचिवांकडून लाइनची दिशा विचारून घ्या. ती फुटली तर तक्रार एकट्या तुमची राहत नाही, सगळ्या लाभधारकांची होते.
- ठिबकची सबमेन आणि व्हॉल्व्ह कुठे आहेत?
- मोटारीची केबल जमिनीतून नेली आहे का? असेल तर त्या पट्ट्यात मशीन चालवूच नका, आणि शंका असेल तर स्टार्टरचा मेन स्विच काढून मगच काम करा. महावितरणच्या तारेबद्दल काही असेल तर १९१२ वर कळवा.
- रस्त्याकडेला कुंपण घालताना दूरसंचार केबल किंवा गॅसवाहिनीचा फलक दिसतो का? अशा वाहिन्यांबाबत खोदाईआधी कळवण्यासाठी केंद्र सरकारनं २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केलं आहे.
- डोक्यावर वीजवाहिनी आहे का? खड्ड्याला धोका नाही, पण त्यात उभा करताना वीस फुटी लोखंडी पाइप वर जातो याचा विसर पडतो.

कुंपण हद्दीवर घालणार असाल तर मोजणीच्या खुणा आधी पक्क्या करा. पहारीनं दिवसाला मोजके खड्डे होतात, तेवढ्यात शेजाऱ्याचं म्हणणं कानावर येतं. मशीननं एका दिवसात सगळी ओळ होते आणि वाद नंतर उभा राहतो. हद्दीचा दगड आड आला म्हणून उपटू नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली हद्दीच्या खुणा हलवणं दंडाला पात्र आहे.

क्षारपड किंवा पाणथळ रानात फळझाडं लावायची असतील तर याच मशीनचा एक चांगला उपयोग आधी करून घ्या. चार इंची बिटानं रानात चार-पाच ठिकाणी बिट जाईल तितका खोल खड्डा घ्या, तोंड झाका आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात पाणी किती चढलंय ते बघा. अडीच-तीन फुटांच्या आत पाणी उभं असेल तर शेकडो खड्डे खोदण्याआधी निचऱ्याचा विचार करा. रोपं त्या पाण्यात मुळं कुजवून घेण्यासाठी लावण्यात अर्थ नाही.

किती सीसी, किती इंच?

बाजारात हातात धरायची मशीनं साधारण ५२ ते ७० सीसीच्या दरम्यान मिळतात, आणि चार इंचांपासून बारा इंचांपर्यंत बिटं. मोठं घेतलं की अडकणार नाही, ही समजूत पक्की आहे. पण हिशेब करून बघा. दोन फूट खोल आणि आठ इंच रुंद खड्ड्यातून सुमारे पाऊण घनफूट माती निघते. तोच खड्डा बारा इंची केला तर दीड घनफुटाच्या वर. रुंदी दीडपट वाढली, माती सव्वादोन पट झाली. शिवाय बिटाची कड मध्यापासून लांब गेल्यामुळे तिथे मूळ किंवा दगड लागला तर पीळही त्याच प्रमाणात मोठा लागतो. दणकट इंजिन जास्त माती कापेल, हे खरं. पण ते अडकलं तर हिसकाही दणकट देईल आणि तो पेलणारं मनगट तेच राहणार. म्हणून इंजिनाचा आकार हौसेनं न ठरवता खड्ड्यावरून ठरवा.

- अँगल, बांबू, मांडवाचे खांब : चार ते सहा इंची बिट पुरतं. एकट्याला झेपणारं मशीन.
- सिमेंटचे पोल, काँक्रीट भरायचे खांब : आठ ते दहा इंच. खड्डा खांबाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट रुंद हवा.
- केळी आणि तत्सम रोपं : बारा इंच. केळीसाठी दीड फूट लांबी-रुंदी-खोलीचा खड्डा सांगितला जातो. बारा इंची गोल खड्डा त्याहून लहान पडतो, म्हणून कडा खोऱ्यानं मोकळ्या कराव्या लागतात.
- नारळ, आंबा : मीटरभर रुंद खड्ड्याची शिफारस असते. तो हातातल्या मशीनचा विषय नाही. बिटानं चार-पाच छिद्रं पाडून मधली माती टिकावानं काढता येते, नाहीतर जेसीबी किंवा ट्रॅक्टरचं मशीन.

ट्रॅक्टरच्या मागे लागणारं मशीन अठरा-चोवीस इंचांचे खड्डेही घेतं आणि हिसका ट्रॅक्टर झेलतो. पण त्याचा फिरता पीटीओ शाफ्ट हा स्वतंत्र आणि जास्त भयंकर धोका आहे. शाफ्टवर प्लॅस्टिकचं आवरण नसेल तर ते मशीन रानात येऊ देऊ नका. बिट खाली उतरवायला कुणी त्यावर उभं राहत असेल, तर काम तिथेच थांबवा. जमीन कडक आहे म्हणून माणसाचं वजन टाकायची पद्धत गावोगाव दिसते. त्यात एक पाय घसरला की पुढचं सांगायला नको.

विकत घ्यावं की भाड्यानं? वर्षातून एकदा कुंपण आणि एकदा मांडव, एवढंच काम असेल तर भाड्याचं परवडतं, कारण ही छोटी इंजिनं वापरापेक्षा पडून राहिल्यानं जास्त बिघडतात. बागायतदारांच्या गटानं मिळून घेतलं तर एकानंच ते सांभाळावं. सगळ्यांचं मशीन म्हणजे कुणाचंच नाही, असं होऊन प्लग कधी साफ केला हे कुणालाच माहीत नसतं. विकत घेताना डब्यावरच्या सीसीपेक्षा कार्ब्युरेटर, क्लच, दोरीची स्प्रिंग आणि बिटाची पाती जयसिंगपूर, इचलकरंजी किंवा सांगलीत मिळतात का हे विचारा.

पेट्रोल आणि ऑइल

बहुतेक हातमशीनं टू-स्ट्रोक असतात. त्यांना पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावं लागतं. किती, ते फक्त तुमच्या मशीनची पुस्तिका सांगेल. २५ ला १ सांगितलं असेल तर लिटरला ४० मिलि, ४० ला १ असेल तर २५ मिलि, ५० ला १ असेल तर २० मिलि. ‘थोडं जास्त ऑइल बरं’ म्हणून अंदाजे ओतलं की प्लग काळा होतो. कमी पडलं तर पिस्टन धरतो. फोर-स्ट्रोक मशीनला उलट आहे: पेट्रोल साधं, ऑइल वेगळ्या टाकीत. तिथे मिश्रण घालू नका, आणि मशीन तिरकं ठेवताना ऑइल कुठे जातंय तेही बघा.

आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ज्या उसापासून बनतं त्यातला काही आपल्याच तालुक्यातला, आणि पहिला त्रासही आपल्याच मशीनला, असं म्हणायची वेळ येते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. मिश्रण महिना-दोन महिने टाकीत राहिलं तर पाण्याचा अंश तळाशी बसतो, कार्ब्युरेटरची बारीक छिद्रं गंजानं आणि चिकट थरानं बुजतात, जुन्या रबरी नळ्या फुगतात. चार महिन्यांनी दोरी ओढून ओढून खांदा दुखतो आणि दोष मशीनला दिला जातो. त्या दिवसापुरतंच मिश्रण करा. काम संपल्यावर उरलेलं ओतून घ्या आणि नळीतलं संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा.

पेट्रोल भरताना इंजिन बंद आणि थंड हवं. पाच मिनिटं थांबायला कुणी तयार नसतं, पण सायलेन्सरवर सांडलेल्या पेट्रोलला भडकायला सेकंदही पुरतो. भरण्याची जागा आणि मशीन चालू करण्याची जागा दहा-पंधरा फूट वेगळी ठेवा. डबा धातूचा किंवा पेट्रोलसाठीच बनवलेला असावा; पाण्याची बाटली नको, कारण उन्हातून आलेला तहानलेला माणूस हाती लागेल ती बाटली तोंडाला लावतो.

चालू करण्याआधी

अंगावरचे कपडे हा इथला खरा मुद्दा आहे. उपरणं, गळ्यातला टॉवेल, लुंगी, साडीचा पदर, ओढणी, मोकळे केस: फिरत्या बिटाजवळ यांतलं काहीही नको. पूर्ण पायाचे बूट घाला. पायताण किंवा अनवाणी पाय चालणार नाहीत. चष्मा आणि कानाला बोळे किंवा इअरमफ लावा. ढिले हातमोजे मात्र न घातलेले बरे. घालायचे तर पकड देणारे, मनगटाशी घट्ट बसणारे. ‘उन्हात एवढं कोण घालतं?’ हा आक्षेप रास्त आहे. मग उन्हाची वेळच टाळा. सकाळचं काम सकाळी उरकतं आणि मातीची ओलही तेव्हा टिकलेली असते.

1. बिटाची पिन आणि तिची क्लिप बघा. पिनच्या जागी खिळा किंवा तार असेल तर आधी पिन आणा.
2. मशीन सपाट जागी आडवं ठेवा. बिट कशालाही टेकलेलं नसावं.
3. चोक लावा, इंधनाचा फुगा दाबा, एका हातानं मशीन दाबून धरत दोरी ओढा.
4. इंजिन स्लोवर आलं की बिट थांबलेलं असलं पाहिजे. रेस न देता बिट फिरत असेल तर स्लो जास्त आहे किंवा क्लच चिकटला आहे. अशा मशीनला हात लावू नका, दुरुस्त करून घ्या.
5. बंद करायचं बटण अंगठ्यानं न बघता सापडतं का, हे एकदा करून बघा.

शेडनेट पूर्ण बंद असेल किंवा पॉलिहाउस असेल तर पडदे वर घेतल्याशिवाय इंजिन चालू करू नका. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही येत नाही. डोकं जड होणं ही पहिली खूण असते.

खड्डा घेताना

पाय खांद्याएवढे फाकवा, गुडघे किंचित वाकवा, पाठ सरळ ठेवा. बिट वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतं. ते अडकलं की हँडल उलट दिशेला जातं, म्हणजे डावी मूठ तुमच्या अंगावर येते. म्हणून डावी मांडी सुरुवातीपासूनच हँडलच्या चौकटीला टेकवून ठेवा. मधे अंतर असेल तर चौकट तेवढा वेग घेऊन आदळते. टेकलेली असेल तर नुसता दाब येतो. हात कोपरात थोडे वाकलेले आणि अंगाजवळ हवेत, ताठ नकोत.

टोक खुणेवर ठेवा, हळू रेस देऊन दोन-तीन इंच जाऊ द्या आणि मग रेस वाढवा. जोर लावू नका. धार असलेलं बिट आपल्या वजनानं जातं. जोर लावावा लागतोय याचा अर्थ धार गेली आहे किंवा माती वाळलेली आहे. चार-सहा इंच गेलं की फिरतं बिट वर उचला, माती बाहेर पडू द्या, पुन्हा उतरवा. घाईत माणसं हे टाळतात आणि सलग दोन फूट उतरवतात. वर माती साचते, बिट दाबलं जातं, मग तिघांना ते ओढावं लागतं. चार वेळा उचलण्यात जाणारा वेळ तेवढ्यात भरून निघतो. पूर्ण खोलीला पोचल्यावर रेस सोडा, बिट थांबू द्या आणि मग बाहेर घ्या. पाय वाकवून उचला, कंबरेतून नको.

दोघांनी धरलं की धोका अर्धा होतो असं समजू नका. दोघांसाठी बनवलेल्या मशीनला चार मुठी असतात आणि रेस एकाच्याच हातात असते. एकानं रेस सोडली नाही आणि दुसऱ्यानं हात सोडला, तर हिसका सगळा एकाला बसतो. तेव्हा ‘थांब’ म्हणण्याआधी रेस सोडायची, हा नियम दोघांनी आधी ठरवा. इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू येत नाही, डोक्याची खूण ठरवा. एकट्यासाठी बनवलेल्या मशीनला दुसऱ्यानं बाजूनं धरणं तर अजिबात नको. दुसऱ्या माणसाचं काम दहा फूट लांब उभं राहून पोरांना आणि जनावरांना दूर ठेवणं हे आहे. वीसेक मिनिटांनी दोघांनी आलटून पालटून चालवा. बोटांना मुंग्या आल्या किंवा ती बधिर झाली तर थांबा, कारण बधिर बोटाला रेस सुटली की नाही हे कळत नाही.

बिट अडकलंच तर

इंजिन बंद करा. रेस कमी करून भागणार नाही. प्लगची टोपी काढा, मग बिटाच्या दांड्याला पाइप पाना लावून घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवत ते वर घ्या. बाजूची माती पहारीनं मोकळी करा. रेस देऊन उपटायचा प्रयत्न केला तर गिअरबॉक्सचे दात जातात. पात्यात गुंतलेलं मूळ, उसाचा पाला किंवा ठिबकची नळी काढतानाही हाच क्रम: बंद, टोपी बाहेर, मग हात. स्लोवर बिट थांबलेलं दिसतं, म्हणून बोट घालायचा मोह होतो. क्लचला तेवढीच संधी पुरते.

उघडे खड्डे तसेच सोडून जेवायला जाऊ नका. बारा इंची खड्ड्यात वासराचा पाय मोडतो आणि लहान मूलही अडकू शकतं. जेवढे खांब त्या दिवशी उभे राहतील तेवढेच खड्डे घ्या. सात फुटी खांब दोन फूट गाडा, कोपऱ्यातले अर्धा फूट जास्त आणि तिरक्या टेकूसह. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून खांबाभोवती तीच माती परत न भरता मुरूम थराथरानं ठोकून भरा. नदीकाठी २००५, २०१९ आणि २०२१ चा महापूर जिथे चढला, तिथे पुराच्या धारेला आडवं कुंपण पाला-कचरा धरतं आणि ओळच्या ओळ झोपते. तिथल्या तारा पावसाळ्याआधी सोडता येतील अशा बांधा.

मजूर, अनुदान आणि तक्रार

रोजंदारीवरचा माणूस तुमच्या मशीननं जखमी झाला तर ‘त्यानंच नीट धरलं नाही’ एवढं म्हणून सुटका होत नाही. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या साधनांनी होणाऱ्या शेतीकामातल्या कामगाराला इजा झाल्यास काम देणाऱ्यानं भरपाई द्यावी, ही तरतूद कायद्यात आहे. तेव्हा नवख्या माणसाच्या हाती मशीन देण्याआधी त्याच्याकडून दोन-चार खड्डे तुमच्या नजरेसमोर घेऊन बघा. अठरा वर्षांखालच्या पोराला देऊच नका.

शेतकरी किंवा वहितीधारक कुटुंबातील एक सदस्य अपघातात सापडला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव वा दोन्ही डोळे निकामी झाल्यास २ लाख रुपये, एक अवयव किंवा एक डोळा निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळू शकतात. वय १० ते ७५ च्या दरम्यान हवं. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत करायचा असतो, म्हणून दवाखान्यात पहिल्याच दिवशी कागदावर ‘मशीनचा अपघात’ अशी नोंद करून घ्या. ‘पडून लागलं’ असं लिहून घेतलं की पुढे अडचण येते.

अनुदानावर मशीन घ्यायचं असेल तर आधी महाडीबीटीवर अर्ज, मग पूर्वसंमती, त्यानंतर खरेदी. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत अल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना साधारण ५० टक्के, इतरांना ४० टक्के, ठरलेल्या कमाल मर्यादेत मदत असते. कोणतं मॉडेल यादीत बसतं ते सहायक कृषी अधिकाऱ्यांकडून आधी विचारून घ्या. दुकानदारानं ‘आज घेऊन जा, अनुदानाचं मी बघतो’ म्हटलं, तर पूर्वसंमतीआधीच्या बिलावर अनुदान मिळत नाही हे लक्षात ठेवा.

मशीन वॉरंटीत बिघडलं आणि दुकानदार दाद देत नसेल तर ग्राहक म्हणून तुमचा हक्क शाबूत आहे. ‘शेती हा धंदा आहे, तुम्ही ग्राहक नाही’ असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका; स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः राबून वापरलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूची धरली जात नाही. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ ला तक्रार नोंदवा. तरीही काम झालं नाही तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या, म्हणजे कोल्हापूरच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, मशीन मुंबई-पुण्याहून ऑनलाइन मागवलेलं असलं तरीही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे फी नाही. त्यासाठी जीएसटीचं पक्कं बिल, शिक्का आणि तारीख असलेलं वॉरंटी कार्ड, इंजिन क्रमांकाचा फोटो आणि दुरुस्तीला दिल्याच्या पावत्या लागतात. दुरुस्तीला मशीन सोपवताना ‘काय बिघडलं होतं’ हे पावतीवर लिहून घ्या, आणि मिश्रणासाठी वापरलेल्या ऑइलचं बिलही त्याच पिशवीत ठेवा. पिस्टन धरल्यावर वॉरंटी नाकारताना पहिला प्रश्न त्याचाच येतो.